कोलकात्यात फिरताना : ‘डान’ म्हणजे डावं नव्हे!

महाराष्ट्रातून कोलकात्याला जाणारी कुटुंबं बहुधा दोन दिवसांची गाडी ठरवतात, यादीतली आठ-दहा ठिकाणं उरकतात आणि परत आल्यावर ‘फार गर्दी हो तिथे’ असं सांगतात. गर्दी आहेच. पण या शहराची खरी मजा त्या आठ-दहा ठिकाणांत नाही, ती एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्यात आहे. आणि त्यातली काही वाहनं आता फार दिवसांची सोबती नाहीत.

मुंबईहून गीतांजली एक्सप्रेसने निघालेला माणूस भुसावळ, नागपूर, रायपूर, टाटानगर करत सुमारे दोन हजार किलोमीटर अंतर कापून हावड्याला उतरतो, तेव्हा त्याच्या अंगात त्राण उरलेलं नसतं. नेमका त्याच वेळी हमाल, टॅक्सीवाले आणि हॉटेलांचे दलाल असा तिहेरी हल्ला त्याच्यावर होतो. अशा वेळी घाई न करता सामान एका जागी ठेवून सरळ चहा मागवावा. हावडा स्टेशनचे जुनं आणि नवं असे दोन भाग आहेत. नागपूरमार्गे येणाऱ्या गाड्या नव्या भागात लागतात. ‘बाहेर भेटू’ एवढंच सांगून नातेवाइकांना बोलावलं, तर ते जुन्या भागात आणि पाहुणे नव्या भागात, असा तासाभराचा खेळ ठरलेला!

स्टेशनाबाहेर पडलं की समोर हुगळी नदी आणि पलीकडे शहर. पलीकडे जाण्याचे मार्ग चार. सामान आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर प्रीपेड टॅक्सीच्या खिडकीवर पावती फाडावी, म्हणजे भाड्यावरून घासाघीस उरत नाही. सामान बेताचं असेल तर भुयारी मेट्रो स्टेशनाला लागूनच आहे. नदीच्या तळाखालून जाणारी ही मेट्रो मार्च २०२४मध्ये सुरू झाली. नदीखालचा बोगदा ५२० मीटरचा आणि गाडी तो पाऊण मिनिटात पार करते. मुलांना आधी सांगून ठेवावं, नाहीतर नदी येऊन गेलेली कळतही नाही. ऑगस्ट २०२५मध्ये एस्प्लनेड ते सियालदा हा मधला तुकडा जोडला गेल्यापासून हावड्याहून थेट सॉल्ट लेकपर्यंत जाता येतं. ज्या प्रवासात पूर्वी दीड तास जाईल की दोन, हे देवालाच ठाऊक असे, तो आता अर्ध्या तासाच्या आसपास होतो.

उरलेले दोन मार्ग म्हणजे पूल आणि लाँच. दुसऱ्या दिवशी सकाळी, सामानाशिवाय, ते दोन्ही करावेत.

हावडा ब्रिज ३ फेब्रुवारी १९४३ रोजी, महायुद्ध ऐन भरात असताना, वाहतुकीला खुला झाला. १९६५मध्ये त्याचं नाव ‘रवींद्र सेतू’ झालं, पण टॅक्सीवाल्याला ते सांगून उपयोग नाही. नदीच्या पात्रात एकही खांब नसलेला हा पूल नट-बोल्टांवर नव्हे, तर रिव्हेटांवर उभा आहे. सुमारे साडेसव्वीस हजार टन पोलादापैकी तेवीस हजार टन टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यातून आलं. गाडीतून जाताना यातलं काहीच जाणवत नाही. पायी चालावं, म्हणजे हजारो माणसांच्या आणि वाहनांच्या ओझ्याने पायाखाली तो हलका थरथरताना कळतो. पुलाच्या कोलकात्याकडच्या टोकाला खाली उतरलं की मल्लिक घाटाचा फुलबाजार लागतो. दादरचा फुलबाजार पाहिलेल्याला झेंडूचे ढीग नवे नाहीत, पण डोक्यावर पिवळ्याधमक माळांची चळत घेऊन धावणाऱ्या माणसांपुढे दादरही शांत वाटेल. इथे मधे थांबून फोटो काढू नये. धक्का बसला तर चूक आपली असते.

मराठ्यांचा खंदक

पुलावरून परत हावड्याच्या बाजूला यावं आणि स्टेशनासमोरच्या घाटावरून बागबाजारकडे जाणारी लाँच धरावी. तिकीट किरकोळ, वारा फुकट. डावीउजवीकडे जुनी गोदामं, घाटाच्या पायऱ्या, अंघोळ करणारी मंडळी. अर्ध्या-पाऊण तासात उत्तर कोलकाता येतं.

या बागबाजारात मराठी माणसाने जावं याला एक खास कारण आहे. इथे एका गल्लीचं नाव आजही ‘मराठा डिच लेन’ आहे. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या घोडदळाने बंगालवर स्वारी केली, तेव्हा कोलकात्यातल्या इंग्रजांनी आणि रहिवाशांनी घाबरून शहराभोवती खंदक खणायला घेतला. तीनेक मैल खणून झाला, पण मराठे कोलकात्यापर्यंत आलेच नाहीत. काम अर्धवट राहिलं. १७९९मध्ये खंदक बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड काढण्यात आला. आज आचार्य प्रफुल्लचंद्र रोड आणि आचार्य जगदीशचंद्र बोस रोड म्हणून ओळखले जाणारे रस्ते ते हेच. म्हणजे शहरातल्या एका मुख्य रस्त्याची आखणी मराठ्यांच्या भीतीने करून ठेवलेली आहे!

मात्र याचा अभिमान बाळगताना जरा जपून. आपल्याकडचा ‘बारगीर’ म्हणजे सरकारी घोड्यावर लढणारा स्वार. बंगालीत त्याचा ‘बर्गी’ झाला आणि तो आयांच्या अंगाईगीतात जाऊन बसला, तो लुटारू म्हणून. पीक गेलं, आता सारा कशाने भरायचा, अशी चिंता त्या गाण्यात आहे. पुढे १७५१च्या तहात अलीवर्दीखानाने ओरिसाचा कारभार आणि सालाना बारा लाख रुपये चौथाई देण्याचं कबूल केलं, एवढंच आपल्या इतिहासाच्या पुस्तकात असतं. त्या आधीच्या दहा वर्षांत गावोगाव काय झालं, ते बंगालच्या लोकांनी लक्षात ठेवलं आहे. बंगाली यजमान थट्टेने ‘बर्गी आले’ म्हणाले, तर हसून घ्यावं. वाद घालू नये.

बागबाजारातच १८६८मध्ये नवीनचंद्र दास यांनी रसगुल्ला लोकप्रिय केला, असं बंगाली माणूस ठामपणे सांगतो. ओरिसावाल्यांना ते मान्य नाही, तो वाद वेगळा. इथून दक्षिणेकडे चालत वीस-पंचवीस मिनिटांत कुमारटुलीला पोचता येतं. आपल्या पेणसारखीच ही मूर्तिकारांची वस्ती. फरक असा, की इथे आधी बांबूचा सांगाडा, त्यावर पेंढा बांधून केलेला देह आणि मग त्यावर मातीचे लेप चढतात. श्रावण-भाद्रपदात गेलं तर डोकी नसलेल्या, दहा हातांच्या पेंढ्याच्या देवी गल्लीभर ओळीने उभ्या दिसतात. लहान मुलं आधी बिचकतात, मग हटत नाहीत. कारागिरांना विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नये. अरुंद गल्लीत आपण वाट अडवली, तर त्यांचा दिवस वाया जातो. परतीला शोभाबाजारची मेट्रो जवळ आहे.

मेट्रोतली माणसं, नकाशावरची नावं

देशातली पहिली मेट्रो कोलकात्यात धावली, २४ ऑक्टोबर १९८४ला, एस्प्लनेड ते भवानीपूर. आज उत्तरेला दक्षिणेश्वरपासून थेट दक्षिणेच्या उपनगरांपर्यंत हीच मेट्रो शहराचा कणा आहे. भाडं पाच रुपयांपासून सुरू होतं. विमानाने येणाऱ्यांसाठीही ऑगस्ट २०२५पासून विमानतळाजवळचं ‘जय हिंद’ स्टेशन सुरू झालं आहे. तिथून नोआपाड्याला गाडी बदलली की मुख्य मार्ग मिळतो.

घोटाळा होतो तो नावांचा. बऱ्याच स्टेशनांना जागेचं नव्हे, थोर माणसांचं नाव आहे. टॉलीगंजला जायचं तर ‘महानायक उत्तमकुमार’, बांसद्रोणीला ‘मास्टरदा सूर्य सेन’, नाकतल्याला ‘गीतांजली’. गीतांजलीने आलात आणि गीतांजलीला उतरायचंय, असं सांगणाऱ्या पाहुण्याची काय अवस्था होत असेल! म्हणून मुक्कामाच्या जागेचं नाव आणि तिच्या जवळच्या स्टेशनाचं नाव, दोन्ही कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेवावं. ‘महाकरण’ म्हणजे रायटर्स बिल्डिंग, हेही त्यात लिहावं. १९३०मध्ये बिनय, बादल आणि दिनेश या तिघा तरुणांनी याच इमारतीत शिरून तुरुंग महानिरीक्षक सिम्प्सनला गोळ्या घातल्या. समोरचा डलहौसी स्क्वेअर आता त्या तिघांच्या नावाने ‘बि.बा.दि. बाग’ आहे.

भाषेचा एक सापळा मात्र जिवावरचा आहे. बंगालीत ‘डान दिके’ म्हणजे उजवीकडे आणि ‘बां दिके’ म्हणजे डावीकडे. मराठी कानाला ‘डान’ हा डाव्याचा सख्खा भाऊ वाटतो. कोणी सांगितलं ‘डान दिके जान’, की मराठी कुटुंब आत्मविश्वासाने डावीकडे वळतं आणि कोसभर चालून आल्यावर परत विचारतं. हा एक शब्द पाठ केला तरी निम्मी वणवण वाचेल. बाकी फार अडत नाही. ‘कोतो’ म्हणजे किती, ‘कोथाय’ म्हणजे कुठे, ‘एखाने नामबो’ म्हणजे इथे उतरायचंय. पुरुषाला ‘दादा’, बाईला ‘दिदी’ आणि वडीलधारीला ‘मासीमा’ म्हटलं की रस्त्यावरचा माणूस स्वतःचं काम सोडून वळणापर्यंत पोचवायला येतो. कोणी ‘जोल खाबेन?’ विचारलं तर दचकू नये. बंगाली माणूस पाणी, चहा, सिगारेट सगळं खातोच.

आणखी एक शब्द, ‘खुचरो’. म्हणजे सुटे पैसे. बसचा कंडक्टर, रिक्षावाला, लाँचची खिडकी, सगळ्यांची हीच मागणी. पाचशेची नोट पुढे केली तर तो जी नजर टाकतो, तिला भाषांतर लागत नाही. इथल्या ऑटोरिक्षा मुंबईच्या उपनगरांतल्या शेअर रिक्षांसारख्या ठरलेल्या मार्गावर चालतात. हात करून ‘व्हिक्टोरिया मेमोरियल’ म्हटलं तर ती थांबणार नाही. आधी मार्ग विचारावा, मग बसावं. खासगी बसमध्ये कंडक्टर पत्र्यावर थापा मारत, थांब्यांची नावं एका दमात म्हणत उभा असतो. बाई उतरू लागली की तो ड्रायव्हरला ओरडतो, ‘आस्ते लेडीज, कोले बाच्चा!’ हळू घे, बाई आहे, कडेवर मूल आहे. कडेवर मूल नसलं तरी हेच.

टॅक्सीबद्दल एक गोष्ट बाहेरच्यांना कोणी सांगत नाही. शहरातले बरेच रस्ते एकमार्गी आहेत आणि दुपारनंतर त्यांतल्या काहींची दिशा उलटते. सकाळी ज्या रस्त्याने सरळ पोचलात, त्याच रस्त्याने संध्याकाळी परत येता येईलच असं नाही. ड्रायव्हर वळसा घालतोय म्हणून लगेच भांडू नये. पिवळ्या अ‍ॅम्बॅसडर टॅक्सीत एकदा तरी बसून घ्यावं. उत्तरपाड्याच्या कारखान्यात अ‍ॅम्बॅसडरचं उत्पादन २०१४मध्येच थांबलं आणि पंधरा वर्षं झालेली व्यावसायिक वाहनं शहरात चालवायला न्यायालयाची मनाई आहे. त्यामुळे उरल्यासुरल्या गाड्या दर महिन्याला कमी होताहेत.

ट्राम आहे का, विचारून घ्या

मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४च्या रात्री धावली. तिला निरोप द्यायला माणसं रस्त्यावर उभी होती म्हणतात. आता ‘दादर टी.टी.’ एवढ्या दोन अक्षरांत ती उरली आहे आणि टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस, हेही नव्या पिढीला सांगावं लागतं. कोलकात्यात १८७३मध्ये घोड्यांची ट्राम आली, १९०२मध्ये विजेची. दिल्ली, मद्रास, कानपूर, मुंबई, सगळीकडून ती गेली, इथे राहिली. पण सप्टेंबर २०२४मध्ये राज्याच्या परिवहन मंत्र्यांनी जाहीर केलं, की एस्प्लनेड ते मैदान एवढा वारसा म्हणून ठेवायचा तुकडा सोडला तर ट्राम बंद करणार. रस्ते अरुंद, वाहनं वाढलेली, ट्राममुळे कोंडी होते, हे सरकारचं म्हणणं. ट्रामप्रेमींचं म्हणणं, कोंडी मोटारींमुळे होते, आणि धूर न सोडणारं वाहन हटवून काय साधणार? प्रकरण उच्च न्यायालयापुढे गेलं.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. ऑफिसला वेळेवर पोचायचंय त्याला ट्राम परवडत नाही, हे खरंच. पण निवृत्तिवेतनावर जगणारा म्हातारा माणूस, ज्याला बसच्या पायरीवर उडी मारून चढता येत नाही, त्याच्यासाठी सावकाश थांबणारं, सावकाश निघणारं दुसरं वाहन या शहरात नाही. तेव्हा कोलकात्याला गेल्यावर पहिल्याच दिवशी एस्प्लनेडच्या ट्राम डेपोत जावं आणि आज कोणत्या मार्गावर गाडी आहे, ते विचारावं. असेल त्या गाडीत बसावं. कुठे पोचते हा प्रश्न गौण आहे.

हातरिक्षाचा प्रश्न असा सोपा नाही. बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’मध्ये (१९५३) बलराज साहनी जी रिक्षा ओढतात, ती इथल्या जुन्या वस्त्यांत अजून दिसते. ओढणारे बहुतेक बिहारमधून आलेले, पन्नाशी-साठी ओलांडलेले. २००६मध्ये ती बंद करण्यासाठी विधेयक आलं, पण प्रकरण न्यायालयात अडकलं आणि रिक्षा चालूच राहिली. आपल्या माथेरानची गोष्ट ताजी आहे. ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या हातरिक्षा सहा महिन्यांत थांबवून त्या चालकांना ई-रिक्षा द्यायला सांगितलं. पर्यायाचा विचार निकालातच होता, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट. कोलकात्यात पर्याय न देता नुसती बंदी आली, तर म्हाताऱ्याने गावी परत जाऊन खायचं काय?

बसावं की न बसावं, हे ज्याने त्याने ठरवायचं. पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचलं की इतर सगळी वाहनं बंद पडतात आणि आजारी माणसाला दवाखान्यात नेणारी हीच रिक्षा असते, हे स्थानिक लोक सांगतात. बसलात तर भाडं आधी ठरवा, ठरलं त्याहून थोडं जास्तच द्या. मात्र तिघं धडधाकट पाहुणे एका रिक्षात बसून, ओढणाऱ्याकडे पाठ करून हसत फोटो काढतात, ते दृश्य मात्र टाळावं.

काय पाहावं, कधी जाऊ नये

सोमवार वाया जातो, हे आधीच लक्षात ठेवावं. १८१४मध्ये स्थापन झालेलं इंडियन म्युझियम, व्हिक्टोरिया मेमोरियलची दालनं आणि जोडासांकोची ठाकूरबाडी, तिन्ही सोमवारी बंद. कॉलेज स्ट्रीटची पुस्तकांची बहुतेक दुकानं रविवारी बंद. दक्षिणेश्वर आणि बेलूर मठ दुपारी काही तास बंद असतात. म्हणून सकाळी लवकर मेट्रोने दक्षिणेश्वर करावं आणि तिथूनच बोटीने बेलूरला उतरावं. कालीघाटला देवळाबाहेर ‘मी लवकर दर्शन घडवतो’ म्हणणारे भेटतात. मान हलवून पुढे चालू लागावं.

या सगळ्यांत वेळ कमी असेल तर व्हिक्टोरियाचं संगमरवर बाहेरूनच पाहावं आणि जोडासांकोला जास्त वेळ द्यावा. रवींद्रनाथांचा जन्म आणि मृत्यू दोन्ही याच वाड्यातले. त्यांचे वडीलबंधू सत्येंद्रनाथ हे पहिले भारतीय आय.सी.एस. अधिकारी, आणि त्यांची नोकरी सारी मुंबई इलाख्यात झाली. १८७८मध्ये विलायतेला जाण्याआधी सतरा वर्षांचे रवींद्रनाथ मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या घरी इंग्रजी संभाषण शिकायला राहिले होते. तिथल्या अन्नपूर्णा तर्खडला त्यांनी दिलेलं ‘नलिनी’ हे नाव मराठी वाचकांना ठाऊक आहेच. वाड्यातून निघून पायी कॉलेज स्ट्रीटला जावं, कॉफी हाऊसच्या वरच्या मजल्यावर जागा मिळाली तर बसावं. जागेसाठी ताटकळावं लागतं, कारण एका कॉफीवर दोन तास बोलणं हा इथला हक्क समजला जातो.

शाकाहारी कुटुंबांनी ‘निरामिष’ हा शब्द वापरावा. नुसतं ‘व्हेज’ म्हटलं तर मासा त्यात येतो की नाही, याबद्दल मतभेद होऊ शकतात! सकाळी कचोरी-तरकारी, दुपारी लुची आणि आलूदम, संध्याकाळी झालमुरी आणि फुचका, शेवटी मातीच्या भांड्यातलं मिष्टी दही. यात कोणाचं पोट रिकामं राहत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत गेलात तर खजुराच्या नव्या गुळाचे संदेश मिळतात, ते इतर ऋतूंत मागू नयेत. दुर्गापूजेत जायचं तर राहण्याची जागा कित्येक महिने आधी हवी. हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास आहे, इथल्या मराठी मंडळींचं जुनं ठिकाण. तिथे जागा मिळेलच असं गृहीत न धरता आधी विचारून घ्यावं.

परतीच्या दिवशी तिकीट पुन्हा एकदा नीट वाचावं. गीतांजली हावड्याहून सुटते, पण ज्ञानेश्वरी एक्सप्रेस शालिमारहून. शालिमार नदीच्या त्याच काठाला आहे, पण हावड्यापासून चांगलं दूर. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘स्टेशन’ सांगितलं की तो सवयीने हावड्याला नेतो आणि मग ऐन वेळी धावपळ होते. शालिमारहून गाडी असेल आणि दिवस मोकळा असेल, तर शिवपूरचं बोटॅनिकल गार्डन त्याच बाजूला आहे. १७८७मध्ये सुरू झालेल्या या बागेतला वड अडीचशे वर्षांहून जुना. बुरशी लागल्यामुळे त्याचं मूळ खोड १९२५मध्ये काढून टाकावं लागलं आणि आता तो हजारो पारंब्यांवर उभा आहे. तिथे नाश्त्याचा डबा घेऊन सकाळीच जावं, दुपारी दमट उकाड्यात मुलं कंटाळतात.